दहा हजारात कॉम्प्युटरचे स्पीकर, खोली दहा बाय अकरा, काय घ्यावं?

श्रावणसर

नमस्कार मंडळी. जुने धागे चाळले पण ते सगळे तिसऱ्या प्रतिसादात होम थिएटरवर घसरलेत, म्हणून नवीन काढतेय, चिडू नका.

घर कांदिवलीला. बेडरूम दहा बाय अकरा, त्यातच पलंग, कपाट आणि खिडकीखाली टेबल. टेबल भिंतीला चिकटूनच आहे आणि तिथेच राहणार, तेव्हा "स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे ठेवा" हे कृपया सांगू नका, तीन फुटांवर पलंग सुरू होतो. लॅपटॉप मॉनिटरला जोडलेला असतो आणि आवाज सध्या मॉनिटरच्या पोटातून येतो, म्हणजे आपलं येतो म्हणायचं. ऐकणं म्हणजे मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, रात्री एखादी सिरीज, शिवाय क्लासमधल्या मुलींच्या गाण्याची रेकॉर्डिंग मी कापते-जोडते, ते काम. मीटिंगा हेडफोनवर. गेम अजिबात नाही.

बजेट दहा हजार, फारच चांगलं वाजणार असेल तर बारा. नवऱ्याचं म्हणणं ५.१ घे (पाच छोटे स्पीकर आणि एक बासचा, म्हणजे खालच्या सुरांचा डबा), ते लाइटवाले. मला लाइट नकोत. आणि आमच्या बरोब्बर खाली काकू झोपतात, त्यांची झोप अशी की आमच्याकडे वाटी पडली तरी सकाळी लिफ्टमध्ये विचारतात. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ठोक_बास

५.१ नको, बरोबर आहे, पण २.१ घ्या डोळे मिटून, म्हणजे दोन स्पीकर आणि बासचा वेगळा डबा, सबवूफर. सबवूफर नसेल तर गाण्याला अंगच नाही. माझ्याकडे लॉजिटेकचा झेड६२३ आहे, २०० वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद), टीएचएक्स सर्टिफाइड (सिनेमाच्या आवाजाच्या दर्जाचा शिक्का), खाली ३५ हर्ट्झपर्यंत (म्हणजे खूप खालच्या सुरापर्यंत) जातो. नॉब अर्ध्याच्या पुढे कधी न्यावाच लागला नाही. तुमच्या बजेटमध्ये त्यातला छोटा भाऊ बघा नाहीतर दुसऱ्या कुठल्या कंपनीचा, पण सब पाहिजेच.

चाळकरी

नॉब अर्ध्याच्या पुढे न्यावा लागला नाही म्हणजे अर्धे पैसे वाया की हो शेठ.

लॅमिंग्टन_वारी

ताई, तुम्ही खोलीचं माप दिलंत हे फार बरं केलंत, लोक नुसतं बजेट सांगतात आणि मग भांडतात.

आधी ते वॉटचं भूत उतरवू. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद म्हणून छापलेला आकडा) दिसलं की खोकं खाली ठेवायचं आणि पुढच्या दुकानात जायचं, कारण त्या आकड्याला कसलंही प्रमाण नाही, छापणाऱ्याला वाटेल तो. पूर्वी असेम्बल्ड पीसीबरोबर जे टिनपाट स्पीकर यायचे त्यांच्यावर हजार-हजार वॉट लिहिलेले असायचे, आणि अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचला की ९ व्होल्ट, अर्धा अँपिअर. म्हणजे आत जातात साडेचार वॉट, बाहेर हजार कुठून येणार? आजही दुकानात हीच युक्ती वापरा, अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर गुणायचे, खरं काय ते समजतं.

आरएमएस हा आकडा बऱ्यापैकी प्रामाणिक असतो, पण त्याचीही गरज लोकांना वाटते तेवढी नाही. चार इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) साधारण स्पीकर एक वॉट दिला की एक मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास वाजतो. तुम्ही बसणार त्याच्यापासून दोन-सव्वादोन फुटांवर आणि ऐकणार सत्तर-पंचाहत्तरला. दहा डेसिबल खाली यायचं तर पॉवर एक दशांश लागते. म्हणजे तुमचं रोजचं ऐकणं एका वॉटच्या आतच आटपतं. उलट बाजूने वॉट दुप्पट केले तर वाढतात जेमतेम ३ डेसिबल, कानाला "जरासं वाढलं" एवढंच वाटतं. ठोक_बास यांचे दोनशे वॉट छान आहेत पण ते हॉलसाठी.

मी तुमच्या जागी असतो तर दोनच डबे, २.० जोडी (सब नाही), चार इंची वूफर आणि वेगळा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असलेली, अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली. एडिफायरचा आर१२८०टी हा वर्षानुवर्षं चालत आलेला माल आहे, ४२ वॉट आरएमएस म्हणजे बाजूला २१, चार इंची वूफर, १३ एमएमचा रेशमी डोमचा ट्वीटर. त्याच कंपनीचा एमआर४ स्टुडिओ मॉनिटर प्रकारातला (आवाज आहे तसा दाखवणारा स्पीकर, पडद्याचा मॉनिटर नव्हे), एडिटिंगला जास्त सरळ. प्रीसोनसचा एरिस ३.५ पण त्याच जातीचा, फक्त वूफर अर्धा इंच लहान. तिघांपैकी ज्याला सेल लागेल तो.

ठोक_बास

एका वॉटमध्ये आटपतं हे कागदावर. तबल्यावर थाप पडते तेव्हा काय? तिथे एकदम उसळी असते, तेवढी ताकद मागे नको का?

लॅमिंग्टन_वारी

पाहिजे की. सरासरीपेक्षा दहा-पंधरा डेसिबल वर जाते ती उसळी. आता पंच्याहत्तरला एक दशांश वॉट धरा, त्याच्यावर पंधरा डेसिबल म्हणजे साधारण तीसपट, तीन-साडेतीन वॉट झाले. २१ मध्ये आरामात बसतात आणि उरतात. काकूंना जाग यायची असेल तर वेगळं.

मंद्रषड्ज

बासचा वाद इथे हर्ट्झमध्ये घालू या, "अंग" आणि "दम" मध्ये नको.

बाईंचा सा समजा काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी), म्हणजे २०८ हर्ट्झच्या आसपास. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या एक सप्तक खाली, १०४. पुरुषाचा सा काळी एक धरला तर १३९, आणि त्याचा खर्ज ६९. आपल्या बैठकीत याच्या खाली फारसं काही नसतंच, डग्ग्याचा घुमारा आणि पखवाज सोडला तर. ३५ हर्ट्झला काय आहे? सिनेमातले स्फोट आणि डीजेचा किक.

मग कुठला स्पीकर कुठपर्यंत उतरतो ते बघा. क्रिएटिव्हचा पेबल, तो गोल गोटा, यूएसबीवर चालणारा, दोन इंची, कंपनीच्याच मते १०० हर्ट्झपर्यंत. म्हणजे बायकांचा तानपुरा कसाबसा, पुरुषांच्या तानपुऱ्याची मूळ खर्ज गायब. गंमत म्हणजे खर्ज ऐकू आल्यासारखी वाटते, कारण वरचे स्वयंभू स्वर शाबूत असतात आणि खालचा आपला मेंदूच भरून काढतो, पण तो भारदस्तपणा येत नाही. आर१२८०टी ७५ पर्यंत सांगतात, एमआर४ ६० पर्यंत. काळी एकचा खर्ज त्या दोघांच्या मध्ये पडतो. शास्त्रीय ऐकणाऱ्याने एमआर४ कडे झुकावं असं माझं मत. पण ७५ म्हणजे तिथे भिंत नसते, त्याच्याखाली आवाज हळूहळू उतरत जातो, तेव्हा आर१२८०टी वर ती तार मुकी होणार नाही.

छोट्या २.१ संचाचा मला वेगळाच राग आहे. त्यांचे सॅटेलाइट (टेबलावरचे दोन छोटे स्पीकर) इतके बारके असतात की दीडशेच्या खालचं सगळं सबला द्यावं लागतं, आणि दीडशेच्या खाली पुरुष गायकाचा आवाज सुरू असतो. बुवांचं तोंड टेबलावर आणि छाती टेबलाखाली, पायाशी. ऐकवत नाही.

चाळकरी

"छाती टेबलाखाली" _/\_ दंडवत घ्या.

ठोक_बास

छोट्या २.१ बद्दल सहमत, मोठ्याबद्दल नाही. पण मोठा बजेटात बसत नाही हेही खरं.

दहाबायदहा

माझं नावच या धाग्यासाठी ठेवलेलं असल्यासारखं आहे :) आमचं घर परळला, खोली दहा बाय दहा, सब आणला होता आणि विकला. कारण सांगतो, सबचा काही दोष नव्हता.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये दहा फूट म्हणजे तीन मीटर अंतर असेल तर आवाजाची जी लाट त्यात बरोब्बर अर्धी बसते ती ५६-५७ हर्ट्झची (वेग ३४३ मीटर सेकंदाला, भागिले सहा, करून बघा). त्या सुरावर खोली स्वतःच घुमायला लागते. तुमच्या अकरा फुटी बाजूला हाच आकडा ५१ च्या आसपास येतो. म्हणजे सब नेमका ज्या पट्ट्यात जोर लावतो त्याच पट्ट्यात तुमच्या खोलीचे दोन घुमारे शेजारीशेजारी बसलेत. बेस गिटारचा एक सूर खोलीभर आणि पुढचा गायब, असं होतं. वर सब जमिनीवर, जमीन म्हणजे काकूंचं छत, आणि खालच्या सुरांना स्लॅब अडवत नाही. चार इंची स्पीकर त्या पट्ट्यात फारसा उतरतच नाही त्यामुळे खोली चाळवली जात नाही. लहान खोलीत लहान स्पीकर ही तडजोड वगैरे नाहीये, तिथे तेच बरोबर आहे.

भिंतीला चिकटलेल्या टेबलाची काळजी नको. भिंतीजवळ बास आपोआप फुगतो, तर स्पीकरवरचा बासचा नॉब मधल्या खुणेच्या थोडा खाली. आर१२८०टी ला तो बाजूला असतो, एमआर४ ला मागे. बासचं भोक मागच्या बाजूला असलेला स्पीकर मात्र भिंतीला टेकवू नका, आर१२८०टी चं पुढेच आहे.

सोल्डरगन

एवढ्या पैशात रेडिमेड?? टीपीए३११६ चिपचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड लॅमिंग्टन रोडला मिळतो, जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घरात पडलेला असतोच, आणि चोरबाजारातून जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन लाकडी डबे. डेटाशीटप्रमाणे ही चिप २१ व्होल्टवर चार ओहमला बाजूला ५० वॉट देते, १९ वर त्याहून थोडं कमी, तरी भरपूर. निम्म्या पैशात काम होतं आणि वाजतं कसलं!

लॅमिंग्टन_वारी

चिप उत्तम आहे, वाद नाही. पण चोरबाजारातले डबे घेताना जाळी काढून कोनच्या कडेची गोल पट्टी बोटाने हलकेच दाबून बघायची. फोमची असेल तर मुंबईच्या दमट हवेत तिचा भुगा झालेला असतो, बोट लावलं की काळी पूड हाताला येते. मग री-फोमिंग करत बसा. रबराची असेल तर घ्या. आणि डब्याची खालची कड बघायची, एमडीएफला (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं, २००५ च्या पुरात भिजलेला माल पुढे कितीतरी वर्षं फिरत होता.

श्रावणसर

सोल्डरगन, मनापासून आभार, पण आमच्याकडे सोल्डरिंग म्हणजे नवऱ्याने एकदा इस्त्रीची वायर लावली होती, त्यावर इथे लिहिणार नाही.

मंद्रषड्ज यांनी हर्ट्झमध्ये सांगितलं ते एकदम पोचलं. माझा सा काळी पाच आहे, क्लासच्या मुलींचाही तिथेच. पण ऐकते जास्त बुवांना. तर चार इंची २.० नक्की. आता दोन प्रश्न. ब्लूटूथवाला घ्यावा का? आणि ऐकून कुठे मिळेल? ऑनलाइन मागवून परत पाठवण्याचा मला कंटाळा आहे.

लॅमिंग्टन_वारी

ब्लूटूथ सोयीला छान, फोनवरून गाणी लावायला. आर१२८०डीबी हा तोच स्पीकर ब्लूटूथ आणि ऑप्टिकलसकट. पण तुम्ही कापाकापी करता ना, ती ब्लूटूथवर नको. साध्या एसबीसीवर (ब्लूटूथची आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडू शकतो. गाणं नुसतं ऐकायला काही फरक पडत नाही, व्हिडिओचे अ‍ॅप ते बरंचसं सांभाळून घेतात, पण एडिटिंगमध्ये सम कुठे आली ते बघून कात्री लावायची तर चुकीच्या जागी लागणार. वायर ती वायर.

ऐकायला ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा, लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग) चालत पाच मिनिटं. रविवारी जाऊ नका, बरंच बंद असतं. मॉनिटर प्रकारातले बघायचे तर धोबीतलावला फुर्ताडोजमध्येही विचारा, ते वाद्यांचं दुकान असल्यामुळे असा माल ठेवतात. दुकानदार त्याचं ठरलेलं धमधम गाणं लावेल, त्याला थांबवायचं आणि स्वतःच्या फोनमधलं, हजारदा ऐकलेलं लावायचं.

मंद्रषड्ज

+१. आणि काय लावायचं तेही ठरवून जा. नुसता तानपुरा एक मिनिट, त्यात झणकार मोकळा येतो की पत्र्यासारखा ते ऐका. मग संथ विलंबितातला डग्गा, मींड घेताना आवाज सलग वर सरकतो की मध्येच एखादा सूर उडी मारतो. शेवटी साधं मराठी बोलणं, बातम्या किंवा कीर्तन. स आणि श टोचले तर तो स्पीकर दहा मिनिटांत कान खाणार, गाणं कितीही गोड वाटो.

चाळकरी

लॅमिंग्टन रोडच्या ट्रॅफिकमध्ये तानपुऱ्याची झणकार. बेस्टच्या हॉर्नचा षड्ज लागला तर तो धरून चाला.

मंद्रषड्ज

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). दोनदा पडला.

श्रावणसर

घेतले! आर१२८०टी. एमआर४ ज्या दुकानांत विचारला तिथे डेमोला नव्हता आणि न ऐकता घ्यायचा नव्हता. दुकानदाराने आधी लाइटवाला टॉवर दाखवला, नवरा तिथेच रेंगाळला, मग मी तानपुरा लावल्यावर दुकानातला पोरगा म्हणाला मॅडम गाणं कधी सुरू होणार. बजेटमधनं पैसे उरलेत.

पण घरी आल्यावर दोन भानगडी. एक, गायकाचा आवाज मधोमध येत नाही, कुठून येतो तेच कळत नाही, खोलीभर पसरल्यासारखा, आणि बास दुकानात होता त्याच्या निम्मापण नाही. दोन, गाणं बंद असताना बारीक कुरकुर येते आणि मॉनिटरचा ब्राइटनेस बदलला की कुरकुरीचा सूर बदलतो, खरंच सांगतेय.

सोल्डरगन

पहिलं सोपं आहे. उजव्या डब्यात अ‍ॅम्प आहे, डाव्याला तिथून नुसती वायर जाते. दोन्ही डब्यांमागे लाल-काळ्या चिमट्या असतील, त्यात एका टोकाला तारा उलट्या बसल्यात. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं एकमेकांचा बास खातात. स्पीकर बंद करा, डाव्या डब्याच्या चिमट्या दाबून तारा काढा, ज्या तारेवर रेघ किंवा वेगळा रंग आहे ती दोन्हीकडे लालमध्ये. तारेचं उघडं तांबं पिळून घ्या, एखादा केस बाहेर राहून शेजारच्या चिमटीला लागायला नको.

लॅमिंग्टन_वारी

दुसरं: वायर मॉनिटरच्या मागच्या हेडफोन जॅकमध्ये लावलीय का?

श्रावणसर

हो, तिथे लांबी पुरत होती.

लॅमिंग्टन_वारी

मग तीच कुरकुर. मॉनिटरमधलं आवाजाचं सर्किट बहुतेक वेळा नावापुरतं असतं, बॅकलाइटचा खरखराट त्यात उतरतो. वायर थेट लॅपटॉपच्या जॅकला. तरीही आली तर चार्जर काढून बॅटरीवर बघा. बॅटरीवर शांत झाली तर दोष चार्जरच्या बाजूने येतोय, मग ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी मध्ये घालायची, लॅमिंग्टनला गाड्यांच्या स्टिरिओवाल्यांकडेही मिळते. कोणीतरी सांगेल चार्जरची अर्थिंगची पिन तोडा, ते करायचं नाही, कोणी कितीही छातीठोकपणे सांगो. लॅपटॉपचा जॅकच खराब असेल तर अ‍ॅपलचा टाइप-सी ते ३.५ चा डोंगल, विंडोज लॅपटॉपलाही चालतो आणि त्याच्या किमतीत त्याच्याइतकं स्वच्छ दुसरं फार कमी आहे.

डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी पण वाचा: कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावू नका, मागच्या हिरव्याला लावा. पुढच्या जॅकची वायर आतून ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून जाते.

दहाबायदहा

आणि स्पीकर टेबलावर सपाट ठेवलेत ना? ट्वीटर तुमच्या छातीकडे बघत असेल. उचला. स्टँड विकत घ्यायची गरज नाही, दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे सारख्या उंचीचे बांधा, ट्वीटर कानाच्या रेषेत आला पाहिजे. वर थोडं दाट फोम किंवा योगा मॅटचा तुकडा, म्हणजे टेबल वाजत नाही. दोन स्पीकरमधलं अंतर आणि तुमच्या डोक्यापर्यंतचं अंतर सारखं, तोंडं तुमच्याकडे वळवलेली. यात पैसे शून्य लागतात आणि फरक बऱ्याचदा पुढच्या मॉडेलएवढा पडतो.

श्रावणसर

तारा उलट्याच होत्या. सुलट केल्या आणि बुवा एकदम मॉनिटरच्या मधोमध येऊन बसले, नवरा मॉनिटरच्या मागे वाकून बघून आला तिसरा स्पीकर आहे का. वायर लॅपटॉपला लावल्यावर कुरकुर गेली, चार्जरसकट. गठ्ठे पण बांधले, बासचा नॉब जरा खाली आणला. काकूंना लिफ्टमध्ये मीच विचारलं, त्या म्हणाल्या कसले स्पीकर?

ठोक_बास

अभिनंदन. काकूंना एकदा माझ्याकडे पाठवा.

श्रावणसर

एक नवीनच झालंय पण. क्लासची जुनी रेकॉर्डिंग लावली तर प्रत्येकात मागे पंखा ऐकू येतोय, घर्रर्र करून, आणि एकीत तर कुकरची शिट्टी पण आहे, विलंबित ख्यालात. इतके दिवस कळलंच नव्हतं. हे सॉफ्टवेअरने निघतं का?

मंद्रषड्ज

पंखा थोडाफार निघतो, पण त्याच्याबरोबर तानपुऱ्याची झणकारही सोलली जाते. पुढच्या वेळी पंखा बंद करून रेकॉर्ड करा, मुलींना घाम येऊ दे. आणि माइकचा धागा वेगळा काढा, इथे नको, परत सगळे घसरतील.